उंची त्रिकोणाच्या बाहेर पडते तेव्हा

दहावीला गणितात राहिले तेव्हा मी १६ वर्षांची होते. १९ वर्षांनी पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला. शनिवार पेठेत शिवणकाम करते. दुपारी गिऱ्हाईक कमी, तेवढाच अभ्यासाचा वेळ. बीजगणित जमत गेलं. भूमितीत मात्र पहिल्याच प्रकरणात अडले. समरूपता, आणि तिची सुरुवातच मुळी त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने.

सूत्र तोंडपाठ होतं : अर्धा गुणिले पाया गुणिले उंची. पण उंची म्हणजे नेमकी कुठली, हे शाळेत विचारायची कधी हिंमतच झाली नव्हती. 'सूत्र लिही, मार्क मिळतात,' एवढंच कानावर पडलेलं.

शेजारच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्याकडे गेले. बाईंनी गणित घातलं : बाजू ९, १० आणि १७ इंच, क्षेत्रफळ सांग. मी ९ पाया धरला, १० उंची धरली. उत्तर ४५.

बाई म्हणाल्या, "अगं, पालखीच्या पताका शिवतेस ना? बेततेस कशा?"

मी कापड पसरून दाखवलं. ८ इंच रुंदीची पट्टी. खालच्या काठावर दर ९ इंचांवर खडूची खूण. वरच्या काठावरही तशाच, पण खालच्या दोन खुणांच्या मधोमध. मग नागमोडी कापत जायचं : एक पताका सुलटी, शेजारची उलटी. चिंधी निघते ती फक्त दोन टोकांना. दोन पताकांना ९ इंच पट्टी लागते, म्हणजे ७२ चौरस इंच. एकीला ३६.

"यात तिरप्या कडेचं माप कुठे लागलं?"

कुठेच नाही. लागली ती पट्टीची रुंदी.

"आता पाया तिथेच ठेव आणि टोक वरच्या काठावरून लांब सरकव."

ब्राऊन पेपरवर आखलं. टोक पायाच्या पार पुढे, ६ इंच बाहेर गेलं. टेप लावली : एक कड १०, दुसरी १७. बाईंचाच त्रिकोण! पाया पुढे वाढवला, गुण्या लावला, लंब टोकापर्यंत नेला. ८ इंच. उंची त्रिकोणाच्या बाहेर उभी होती आणि क्षेत्रफळ तेच, ३६. खात्रीसाठी हेरॉनचं सूत्रही लावलं; ते नुसत्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देतं. अर्धपरिमिती १८; तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ९, ८, १; १८ × ९ × ८ × १ = १२९६; वर्गमूळ ३६. माझे डोळे भरून आले.

हाच त्रिकोण भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० साली घातलाय, असं बाईंनी सांगितलं. लंबामुळे पायाचे दोन तुकडे होतात, त्यातला एक तिथे ऋण येतो, उणे ६; म्हणजे तो उलट्या दिशेला धरायचा. मी खडूने आखलेले ६ इंच ते हेच.

पुढे गुणोत्तरं सोपी गेली. एकाच पट्टीतले त्रिकोण म्हणजे उंची सारखी. पाये ९ आणि ६, तर क्षेत्रफळं ३:२.

गणित भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, ४० पैकी २९ मिळाले. पेढे घेऊन गेले तर बाईंनी दारातच विचारलं, "त्या त्रिकोणात १७ पाया धरला, तर उंची किती?"

"७२ भागिले १७, बाई. सव्वाचार इंचांना थोडी कमी. आणि आता ती आत पडते."