तुम्ही विचारलंत म्हणून: आधी रूथ, तीही सरव्यापासून

"बायबलमधल्या बायकांबद्दल वाचायचंय. सुरुवात कुठून करू? आणि जोडीला मराठीत काय वाचू?" नागपुरात नाताळ जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारे सगळेच ख्रिस्ती नसतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: बायबलमधलं रूथचं पुस्तक. ४ अध्याय, ८५ वचनं. मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या तासात संपतं.

बहुतेकांचं वाचन पहिल्याच अध्यायात अडकतं. "तुम्ही जाल तिथे मी येईन" हे रूथचं बोलणं लग्नाच्या उपदेशात इतकं वापरलं जातं की ते नवऱ्याला उद्देशून आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात एक विधवा सून आपल्या विधवा सासूला हे भर रस्त्यात सांगते आहे, आणि सासू नामी तिला पुन्हा पुन्हा माहेरी परत जायला सांगते आहे. मग रूथची 'आदर्श सून' होते आणि पुस्तक मिटतं. खरी रूथ दुसऱ्या अध्यायात भेटते, शेतात.

मराठी बायबलमध्ये तिथे 'सरवा' हा शब्द आहे. कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेलं, वेचायचं धान्य म्हणजे सरवा. विदर्भात तो कोणाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की रूथच्या गावी तो मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, असं बायबलच्या 'लेवीय' या नियमांच्या पुस्तकात, १९व्या अध्यायात लिहिलंय. 'अनुवाद' नावाच्या दुसऱ्या पुस्तकात, २४व्या अध्यायात, परका, पोरका आणि विधवा अशी हक्कदारांची नावंच घेतली आहेत. मवाब देशातून आलेली रूथ परकीही आहे आणि विधवाही. म्हणून दुसरा अध्याय उघडण्याआधी हे दोन उतारे वाचा. नाहीतर शेताचा मालक बवाज नुसता दयाळू जमीनदार वाटतो. त्याचं वेगळेपण पुढे दिसतं. पेंढ्यांतून मुद्दाम कणसं ओढून तिच्यासाठी टाका, असं तो कापणाऱ्यांना सांगतो. हे कायद्यात नव्हतं.

आता मोजमाप, कारण कथेचा जीव इथे आहे. संध्याकाळी रूथ वेचलेलं झोडपते तेव्हा एफाभर सातू, म्हणजे जव, निघतात. एफा म्हणजे साधारण २२ लिटर. वजनात १२-१३ किलो धरा. बायबलच्या 'निर्गम' पुस्तकात, १६व्या अध्यायात, माणशी दिवसाला एक ओमर मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) आहे, आणि ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग. हिशेब करा: एका दिवसाच्या वेचणीत दोघींची पाच दिवसांची सोय. दुपारी मिळालेल्या भाजक्या दाण्यांतून पोटभर खाऊन उरलेले तिने पदराला बांधले असावेत, कारण घरी आल्यावर तेही ती सासूपुढे ठेवते. 'पदर' माझा, उरलेले दाणे मूळ मजकुरातले.

चौथा अध्याय कोर्टकचेरीचा वाटतो म्हणून लोक भरभर उलटतात. तसं करू नका. वेशीत दहा वडीलधारे बसलेत. जवळचा नातलग नामीच्या घरची जमीन घ्यायला तयार आहे. पण जमिनीसोबत रूथशी लग्नही आलं म्हटल्यावर, माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणत मागे सरतो आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातली वहाण काढून देतो. आपलं वतन जपणाऱ्या या माणसाचं नाव कथेत कुठेच नाही. हिब्रूत त्याला चक्क 'अमका-तमका' म्हटलंय.

रूथनंतर शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना (१ शमुवेल, पहिले दोन अध्याय), मग पारसाच्या राजाची यहुदी राणी एस्तेर. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. ते शोधत बसू नका, मेजवान्या मोजा; राजवाड्यातला प्रत्येक डाव ताटावरच पडतो. येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिच्यापाशी मात्र थांबा. ती वेश्या होती असं चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. लूक ७ मधली निनावी पापी स्त्री आणि लूक ८ मधली मरीया यांना पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ च्या प्रवचनात एक केलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

जोडीला मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ चा. त्यात नागपूरचे दिवसही आहेत, म्हणून इथल्या वाचकाला पुस्तक लवकर जवळचं होतं. पण मी ते रूथसोबत ठेवते ते दुसऱ्या कारणासाठी. रूथ एका वाक्यात सासूचा देव आपला म्हणते. लक्ष्मीबाई म्हणत नाहीत. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या हिशेबाने ख्रिस्ती झाल्या. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, ती नको. सोवळ्यापायी घरात येईल ती जिन्नस धुऊन घेणारे त्यांचे वडील सावकाशच भेटायला हवेत.

आणि पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल कुठे हाताला लागलं तर रूथ त्यातही वाचून बघा. हिब्रू आणि ग्रीकवरून एकट्या बाईने केलेलं हे भाषांतर साध्या बायकांना कळावं म्हणून केलेलं आहे, आणि त्याच्या छपाईत रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांचे हात आहेत. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं.