ब्लॅडर सॅकमधून न काढता भरणे: तिसरा प्रयत्न, हरिश्चंद्रगड

आधी राजगडावरची फजिती सांगून टाकतो, मग यावेळचा हिशेब.

गुंजवण्यातून चोरदरवाजाने वर आलं की समोरच पद्मावती तलाव. तोवर तीन लिटरचं ब्लॅडर, म्हणजे सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी प्यायची पिशवी, कोरडं. मोठ्या ऐटीत जुळणी काढली: कच्च्या पाण्याची पिशवी वर टांगायची, तिच्या तोंडाला फिल्टर आणि फिल्टरच्या पुढे ब्लॅडरचीच प्यायची नळी. नळीच्या टोकाचा बाइट व्हॉल्व्ह (दातांनी दाबून उघडायची झडप) काढायचा आणि पाणी नळीतून उलटं आत सोडायचं. गच्च भरलेल्या सॅकमधून ब्लॅडर उपसायला नको, एवढाच हेतू. भरलेलं, ओलं ब्लॅडर परत आत कोंबताना ज्याची स्लीपिंग बॅग भिजली आहे, त्याला यातलं सुख वेगळं सांगायला नको.

पाणी नळीत हातभर उतरलं आणि थांबलं. मग ठिबकायला लागलं. अठरा मिनिटांत जेमतेम लिटरभर. अंधार पडत आलेला, म्हणून फिल्टर सोडवून पुन्हा जोडला आणि घाईत उलटा लावला. बाण असतो हो त्याच्यावर, पण टॉर्च सॅकच्या तळाशी! आधीच्या ट्रेकपासून अडकून बसलेला गाळ सुटून थेट ब्लॅडरमध्ये. सगळं ओतून दिलं. आता कच्च्या बाजूला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, अंधारात बोटांनाही कळते.

घरी न्हाणीघरातल्या खुंटीला पिशवी टांगून दोन संध्याकाळी घालवल्या. दोष हवेचा होता. एक हवा नळीत: खांद्याच्या पट्ट्यावरून वर जाऊन खाली वळणाऱ्या नळीत बुडबुडा अडकतो आणि पाण्याला ढकलता येत नाही. त्यामुळे आता फिल्टरमधून आधी चार थेंब बाहेर पडू देतो, मगच नळी जोडतो. दुसरी हवा ब्लॅडरमध्ये. तिला बाहेर पडायला वाटच नाही. उपाय साधा. रिकामं झालं तरी नळीतून ओढत राहायचं, ब्लॅडर पापडासारखं चपटं होईपर्यंत. आणि सॅकचे बाजूचे पट्टे सैल सोडायचे, नाहीतर ब्लॅडर फुगणार कुठे?

यावेळी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी मी घेत नाही. लोक त्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालतात. मंदिराजवळच्या टाक्यातलं घेतलं, तळ न ढवळता, मगने वरचं वर. पंच्याची चौपदरी घडी पिशवीच्या तोंडावर धरून गाळलं. पंच्यावर हिरवट साय आणि दोन वळवळणाऱ्या अळ्या राहिल्या. हा पंचा नसता तर सगळं फिल्टरच्या पोकळ तंतूंवर जाऊन बसलं असतं.

पठारावर टांगायला धड झाड सापडेना, म्हणून भाच्याला पिशवी डोक्यावर धरून उभा केला. दोन लिटर सात मिनिटांत! ‘मामा, ही शाळेतली शिक्षा झाली,’ म्हणाला. पण नळीवर कान ठेवला तर आत सलग खळखळ, मध्ये कुठेही गुडगुड नाही. राजगडावर याच आवाजासाठी मी तासभर झुरलो होतो.

भरल्यावर एक गोष्ट सहज साधली: फिल्टर धुऊन निघाला. सॅक दगडावर उंच ठेवली, फिल्टर खाली लोंबकळू दिला आणि ब्लॅडर हलकेच दाबलं. स्वच्छ पाणी फिल्टरमधून उलटं जाऊन गढूळ धार बाहेर पडली. पाव लिटर खर्च झालं, पण फिल्टर धुवायच्या पिचकारीचं ओझं वाचलं.

एवढं करूनही क्लोरीनच्या गोळ्या बरोबर ठेवतो. 0.1 मायक्रॉनचा फिल्टर जिआर्डियासारखे परजीवी आणि बहुतेक जिवाणू अडवतो. विषाणू त्याहून बारीक. लेप्टोचा (गुरं-उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) जिवाणू तर इतका सडपातळ की 0.22 मायक्रॉनच्या जाळीतूनही निसटतो, आणि आपल्या गडांवर गुरं-उंदीर काय कमी आहेत? मात्र गोळी टाकली की लगेच प्यायचं नाही, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं.

एक अडचण राहिली आहे. सॅकमध्ये किती भरलं ते दिसत नाही. सध्या कच्च्या पिशव्या मोजतो, पण अर्धी पिशवी सांडली की हिशेब चुकतो. भाच्याने पुढच्या खेपेसाठी एक अट घातली आहे: दोरी आणि एस-हुक आणल्याशिवाय तो येणार नाही.