विहिरीतल्या मातीत समुद्र शोधताना

काटोल तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत विहीर खणताना काळ्या खडकाखाली हिरवट-राखाडी माती लागली, आणि तिच्याखाली पुन्हा काळाच खडक. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये अडकलेला असा थर विहीर बांधून झाली की कायमचा झाकला जातो. अशा थरातले बारीक जीवाश्म शोधणं हे माझं काम; निरोप मिळताच मी निघाले.

"मॅडम, इथं समुद्र होता म्हणतेत. खरं हाय काय जी?" बागेच्या मालक काकाजींनी पहिलाच प्रश्न टाकला.

प्रश्न रास्त होता. सीमेपलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या अशाच थरात भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांना तरंगते फोरॅमिनिफेरा सापडले. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती सहसा चुन्याचं कवच बांधतात, आणि त्यांच्यातले तरंगणारे समुद्रातच जगतात. आजचा किनारा तिथून शेकडो किलोमीटर दूर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले, त्यानंतर थोड्याच काळात नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून समुद्राचा फाटा आत आला असावा, असं ते मांडतात. मला ही कल्पना आजही थरारून टाकते.

आदल्या संध्याकाळी माती धुण्याच्या सोड्यात भिजत घातली होती. सकाळी ती 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डायनासोर ज्यात संपले त्या संहारातून वाचलेले फोरॅमिनिफेरा फारच बारीक होते. जाड चाळणी वापरली तर नेमके तेच वाहून जातात. उरलेला गाळ निखाऱ्यांवर वाळवून ओसरीवर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.

आधी ऑस्ट्रॅकोड या शिंपल्यात राहणाऱ्या इवल्या जलचराची गुळगुळीत, घेवड्याच्या दाण्यासारखी शिंपली दिसली. मग कॅरोफाइट या पाणवनस्पतीची फळं, अंगावर पिळाच्या रेघा असलेली, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. आणि मग एक गोल, वेटोळं कवच.

हात थांबला. ओल्या ब्रशने ते उलटं केलं. तरंगत्या फोरॅमिनिफेराच्या कवचात एकापुढे एक कप्पे असतात, मध्ये भिंती असतात. हे फुटक्या टोकाशी आतून सलग पोकळ होतं. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचं पिल्लू! स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात नागपूर परिसरातल्या अशाच थरांतून गोड्या पाण्यातले शंख नोंदवले होते. हे त्याच जगातलं.

"मंग समुद्र नव्हताच?" काकाजी हिरमुसले.

"ही माती साचली तेव्हा इथं तळं होतं, काकाजी. पण समुद्र कुठवर आला होता हे ठरवायला तळं कुठं होतं तेही कळावं लागतं."

मला हे मनापासून वाटतं. समुद्राच्या खुणा सापडल्या की बातमी होते, पण जुना किनारा आखायचा तर खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या, एकाच वयाच्या जागा शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. या थराचं वय अजून ठरायचं आहे. शिवाय झिलमिलीलाही गोड्या पाण्याच्या थरांच्या मध्येच समुद्राच्या खुणा आहेत. एका पिशवीभर मातीवरून सगळ्या थराचा निकाल देता येत नाही.

हे सांगितल्यावर काकाजींनी गवंड्याला दोन दिवस थांबायला सांगितलं. क्रेनच्या पाळण्यातून त्यांचा मुलगा खाली उतरला आणि थराच्या तळापासून वरपर्यंत दर वितीवरची माती त्याने वेगवेगळ्या पिशव्यांत भरली, प्रत्येक पिशवीवर खोली लिहून.