पट्ट्यावरून दिसलेल्या पवनचक्क्या

आज पट्टा किल्ल्यावर गेलो होतो. आजूबाजूच्या पवनचक्क्या नाशिककरांना नव्या नाहीत, पण शेजारी-शेजारी असूनही सगळ्या सारख्या फिरत नव्हत्या. ते बघत बराच वेळ बसलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते! म्हणूनच वेगातला जरासा फरकही वीजनिर्मितीत केवढा तरी दिसतो. त्यात पुढच्या पवनचक्कीच्या मागे वारा मंदावतो, आणि कड्यावर आदळून आलेला वारा भोवरे घेत येतो; तो पात्यांना मानवत नाही. बरं, वादळी वाराही चालत नाही. सेकंदाला साधारण २५ मीटरच्या पुढे बहुतेक पवनचक्क्या आपोआप थांबतात. आषाढातल्या वाऱ्यात पुन्हा जायचंय. कोण कोण येतंय?