तीन मेगओमची मोटर

2019 च्या महापुरानंतर आमच्या पंप कंपनीनं शिरोळ तालुक्यात दुरुस्ती शिबिर लावलं. मजुरी फुकट, सुटे भाग निम्म्या किमतीत. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या मोटारी ट्रॉल्या भरभरून येत होत्या. बहुतेक 5 ते 10 एचपीचे मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेले), आत चिकट काळा गाळ.

पाहुणे विचारतात, मोटारी नदीच्या इतक्या जवळ ठेवताच कशाला? सेंट्रीफ्युगल पंप पाणी वर ढकलतो कितीही, पण खालून ओढतो फार तर सहा-सात मीटर. त्यामुळे तो पाण्याजवळच बसवावा लागतो, आणि पूर आला की आधी तोच बुडतो. पाण्यातली सबमर्सिबल मात्र पुरात बहुधा वाचते, कारण ती पाण्यात राहायलाच बनवलेली असते. तिथं मरतो तो काठावरचा पॅनल, म्हणजे स्टार्टरची विजेची पेटी. लोक चांगली सबमर्सिबल उपसून आणत आणि बुडालेला स्टार्टर पुसून तसाच वापरत. नेमकं उलट करायला हवं. स्टार्टरमधला बुडालेला काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा) आणि ओव्हरलोड रिले (जादा करंटला ती बंद करणारा) फेकायचेच असतात.

ज्या मोटारीबद्दल लिहितोय ती शेतातली नाही, एका गावाच्या पिण्याच्या पाण्याची. जॅकवेलशेजारी (नदीचं पाणी उपसायची विहीर) 15 एचपीच्या दोन मोटारी, एक चालती आणि एक राखीव. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी गावातल्या वायरमननं पहिली मोटर तात्पुरत्या स्टार्टरवर सुरू केली होती. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्रावर, तिचं रीडिंग तीन मेगओम होतं, म्हणून. रीडिंग जितकं जास्त तितकं इन्सुलेशन चांगलं. चाळीस मिनिटं पाणी चढलं, मग धूर. गावाला टँकर दिवसाआड येत होता.

दुसरी मोटर मी तपासली. 500 व्होल्टचा मेगर, मिनिटभर एकाच वेगानं फिरवून: तीन मेगओम. तंतोतंत पहिलीसारखंच. जुन्या ठोकताळ्यानं 415 व्होल्टच्या मोटारीला दीड मेगओम पुरतं. सरपंच म्हणाले, "साहेब, चालू करून तर बघूया की. चालली तर चालली." जमलेल्या सगळ्यांचं तेच मत होतं.

मी नाही म्हणालो. हे तीन मेगओम थंड मोटारीचे होते. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो. 30 अंशांवरचे तीन, 80 अंशांवर पाच वेळा निम्मे होऊन 0.1 च्या खाली येतात. वाइंडिंगचा, म्हणजे तारांच्या गुंडाळ्यांचा, वरचा भाग उन्हात वाळतो, पण त्या बसतात त्या खाचांच्या, स्लॉटच्या, तळाशी गाळानं धरून ठेवलेलं पाणी तसंच असतं. थंड रीडिंगला ते दिसत नाही.

खरं भांडण त्यानंतर झालं. रोटर (फिरणारा भाग) काढला, बेअरिंग पुलरनं ओढून टाकून दिल्या (6309, तालुक्यात मिळेनात, सांगलीहून आणल्या), आणि स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) धुवायला मी टँकरचं पाणी मागितलं. दोनशे लिटर. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. नदीचं पाणी अजून गढूळ. त्यानं धुतलं तर काढलेला गाळ परत आत जाणार. डिझेलनं पुसा, असा सल्ला चौघांनी दिला. डिझेल तारांवरचं व्हार्निश मऊ करतं, दरवर्षी कितीतरी वाइंडिंग त्यापायी जातात. शेवटी एका आजींनी आपली घागर स्टेटरशेजारी आणून ठेवली आणि बाकीचे बाजूला झाले. नायलॉनचा मऊ ब्रश, बारीक धार, निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

आता स्टेटर वाळवायचा होता, पण कोल्हापुरातल्या वाइंडरांकडे (मोटारीच्या तारा गुंडाळणारे) आठवड्याची रांग होती. म्हणून पत्र्याची पेटी केली: वाफ जायला वर भोकं, दोन्ही टोकांना 500 वॅटचे हॅलोजन, वाइंडिंगला न टेकता, आणि ओव्हरहँगवर (स्लॉटबाहेर आलेल्या तारांवर) थर्मामीटर. 80 अंशांच्या आसपास थांबायचं. शंभराजवळ गेलं की स्लॉटमधल्या पाण्याची वाफ होऊन इन्सुलेशनचा कागद फाटतो. दर दोन तासांनी रीडिंग.

सहाव्या तासाला काटा 0.1 वर. सरपंच शेजारीच होते; त्यांना वाटलं मी मोटर बिघडवली. रीडिंग आधी खाली येतं, पाणी निघेपर्यंत तळाशी पडून राहतं आणि मग चढतं, हे मी कागदावर रेघ काढून समजावलं. पंधराव्या तासापर्यंत काटा हलला नाही. मध्यरात्री माझाही धीर सुटत आला होता. अठराव्या तासाला 0.5, चोविसाव्याला 4, तिसाव्याला 12. पुढची दोन रीडिंगही 12 च आली, तेव्हा दिवे बंद केले. थंड झाल्यावर दोनशेच्या पुढे. हवेत वाळणाऱ्या व्हार्निशचे दोन हात देऊन रात्रभर ठेवली.

तेवढ्या वेळात पोरांनी पंप उघडला. इम्पेलरच्या (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) पाकळ्यांत गाळ दगडासारखा बसला होता, पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह हातभर चिखलात. शाफ्टभोवती गळती रोखणारी ग्लँड दोरी नवी भरली, कपलिंगचे रबरी बुश बदलले. नवा पॅनल जोडल्यावर आधी मोटर एकटीच क्षणभर फिरवून दिशा पाहिली. फेज उलटे लागले की पंप फिरतो पण पुरेसा दाब देत नाही, आणि लोक बिचाऱ्या मोटारीला दोष देतात. फेज उलटेच लागले होते. मग पाणी चढलं. जलसुरक्षकानं (गावच्या पाण्याची शुद्धता पाहणारा) पहिलं पाणी सोडून दिलं आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाढवून टाकलं.

गावानं सत्कार केला. मला मात्र शिबिरातल्या बाकीच्या मोटारी आठवत होत्या. त्या एका मोटारीला मी छत्तीस तास दिले. शेतकऱ्यांच्या मोनोब्लॉकना रांगेच्या दडपणाखाली बारा तासांची भट्टी, थंड रीडिंग आणि शिक्का. हे मला पटलं नव्हतं आणि तरी मी सह्या केल्या. कंपनीला रोज संध्याकाळी आकडा हवा असायचा, आज किती दुरुस्त. आमच्या वहीत आलेली, गेलेली, बिल असे रकाने होते. परत आलेल्या मोटारीसाठी रकाना नव्हता, आणि परत आलेली मोटर नवी म्हणून पुन्हा मोजली जायची. मदतीचा हिशेब असा मांडणं चूक आहे. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत जळालेली मोटर शेतकऱ्याला रिवाइंडिंगचा खर्च आणि एक पाळी अशा दोन्ही अंगांनी बुडवते.

गावाचा पॅनल आता पूररेषेच्या वर आहे आणि मोटारीच्या डोक्यावर चेनब्लॉकला (वजन उचलायची साखळीची कप्पी) गर्डर. 2021 च्या जुलैत पाणी चढू लागलं तेव्हा त्यांनी दोन्ही मोटारी आधीच उचलून घेतल्या.

त्या वर्षीच्या शिबिरात मी वहीत चौथा रकाना हातानं आखला. पहिली नोंद तिसऱ्याच दिवशी झाली: साडेसात एचपी, बारा तास भट्टी, गरम रीडिंग घेतलेलं नाही.