पाया पडणाऱ्याच्याच पाया

माझ्या माहेरी नमस्काराला उतार होता. धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं, सुनेनं सासूच्या, मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या. ज्याच्या पाया पडायचं तो ताठ उभा राहून 'सुखी राहा' म्हणणार. लग्न होऊन सासवडला माळकऱ्यांच्या घरात आले आणि हा सगळा हिशेबच बिघडला.

दारात कुणी वारकरी आला की तो वाकायच्या आत आमचे मामंजी वाकलेले. समोर मिसरूड न फुटलेला टाळकरी असला तरी. हा म्हणतो 'माउली', ते म्हणतात 'माउली', आणि डोक्याला डोकं लागायची वेळ येते. गुडघे गेलेल्यांनी हात नुसता खाली नेला तरी पोचतो, एवढी सवलत आहे. पण वरून आशीर्वाद द्यायला कुणालाच उसंत मिळत नाही. या नमस्काराची सगळी गंमत मला त्यातच वाटते.

सप्ताहात हे नीट बघावं. वीणा अखंड उभी ठेवायची असते. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेव्हा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. पहाटेचा पहारा, दोघांच्याही डोळ्यांवर झोप, तरी हे चुकत नाही. मग येणारा-जाणारा वीणेकऱ्याच्या पाया पडत राहतो. बांधावरून ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही, तोच नेमका वीणा घेऊन उभा असतो! आमच्या आळीत असं झालेलं आहे. वाकले बिचारे. दुसऱ्या दिवशी बोलले का, तर नाही.

'जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत' असं ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात आहे. तुकोबांनी तर वाळवंटातलं डोळ्यांपुढे उभं केलंय: 'वर्ण अभिमान विसरली याती, एकएकां लोटांगणीं जाती.' ओव्या-अभंग आम्हाला पाठ आहेत, पण पाठ असणं आणि वाकणं यांत अंतर पडतंच. इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांच्याच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसायची. ते त्यांना सलत राहिलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. त्यांच्या लोकांना विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवता यावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. रस्त्यावर एकमेकांच्या पाया पडणारे आम्हीच, आणि दार लावून घेतलेलं होतं तेही आमच्यातल्यांनीच. म्हणून कुणी वारीच्या समतेचं फार कौतुक करायला लागलं की मी जरा गप्प बसते.

तरीही ही रीत मला हवी आहे. वाकताना माणूस खरा असेल-नसेल, पण कंबर तरी मोडते.

मुलीच्या लग्नात म्हणूनच मी अडून बसले. व्याह्यांचे पाय धुणं वगैरे काही करणार नाही, म्हटलं. भेट होईल ती माळकऱ्यांची. आमच्या नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. विहीणबाई मात्र हसल्या आणि माझ्याबरोबर झटकन वाकल्या. व्याही तसेच उभे. शेवटी त्यांच्या आईनंच मागून ढोसलं, 'वाक की रे, कंबर काय गहाण टाकलीयेस?'