फायरवॉलला जेसन फुटलं

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याच्या सर्व्हरसाठी आमचं छोटं कमांडलाइन टूल आहे; ते फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवरून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं याचे, नियम वाचून दाखवतं. आज त्याला जेसन (प्रोग्रॅमला सहज वाचता येणारी मजकुराची ठराविक मांडणी) आउटपुट जोडलं. बाहेर ऊन म्हणजे विचारू नका.

आधी आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या फायरवॉल टूलची यादी ग्रेप आणि ऑक या मजकूर छाटणाऱ्या कमांडनी तोडून वाचायचो. पण ती यादी माणसासाठी छापलेली. साध्या यादीत इंटरफेसचा (नियम कुठल्या नेटवर्क जोडणीला लागू ते) रकानाच नसतो, त्यामुळे फक्त लूपबॅकसाठीचा, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःशीच बोलण्यासाठीचा, नियमसुद्धा "सगळ्यांना सगळं खुलं" असा दिसतो! तपशील मागा, तर पॅकेट-बाइट मोजणारे मोठे काउंटर 'के' आणि 'एम' लावून गोल करून मिळतात. स्क्रिप्टने बेरीज कशाची करायची?

आयपीटेबल्सच्या जागी आलेलं एनएफटेबल्स (लिनक्स कर्नल ३.१३, २०१४) यात शहाणं. त्याच्या 'एनएफटी' कमांडला 'जे' पर्याय दिला की टेबल, चेन (नियमांची साखळी), नियम सगळं हँडलसकट (प्रत्येकाच्या ओळखक्रमांकासकट) जेसनमध्ये हातात. आम्ही त्यातलं हवं तेवढंच उचलून पुढे देतो.

खरा वाद झाला तो आमच्या जेसनमध्ये नियमाचा पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवेचा दार-क्रमांक) कसा लिहायचा यावर. मी म्हटलं, कायम यादीच द्यायची. दोस्त म्हणाला, "एका पोर्टसाठी यादी कशाला बे?" अरे, आज २२ आहे, उद्या ८००० ते ८१०० येईल, मग वाचणाऱ्याने दोन-दोन प्रकार सांभाळायचे का? यादीच ठेवली. त्या फील्डचं नाव मात्र अजून ठरत नाहीये.